शुभवर्तमानांची पारख

इ.स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांच्याबरोबरचे डेमेट्रियस. दक्षिणेकडे निघालेलं त्यांचं जहाज ठाण्याच्या बंदराला लागलं होतं. ठाण्यात तेव्हा पूर्वेकडच्या सिरियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्या एका घरी ते उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, बाईला मार बसला, ती काजीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावं सांगितली. चौकशी भांडणावरून धर्मावर घसरली आणि शेवटी चौघांचा जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा ठाण्याबाहेर होता. परतल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. तेच हे आपलं नालासोपारा. आमच्या उमेळ्याहून निघून नायगावला विरारची गाडी धरली की वसईनंतरचं स्टेशन.

या घटनेचे मुख्य पुरावे दोन. जॉर्डानसने ऑक्टोबर १३२१ मध्ये, म्हणजे सहा-सात महिन्यांत, गुजरातेतल्या घोघ्याहून आपल्या बांधवांना पत्र लिहिलं. ओडोरिक नावाचा दुसरा एक संन्यासी थोड्याच काळात ठाण्याला आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी बरोबर घेतल्या, थेट चीनपर्यंत नेल्या आणि इटलीला परतल्यावर मे १३३० मध्ये पादुआला सगळा प्रवास तोंडी सांगून लिहवून घेतला. ओडोरिकच्या सांगण्यात चमत्कार आहेत. जेम्सना आगीत टाकलं, ते भाजले नाहीत. अंगाला तेल फासून पुन्हा टाकलं, तरी भाजले नाहीत. पुढे त्या अस्थींनी प्रवासात आग थोपवली, अडकलेल्या जहाजाला वारा मिळवून दिला.

आगीची गोष्ट पटत नाही, म्हणून ठाण्यात कोणी मारलंच गेलं नाही, असं कोणी इतिहासकार म्हणत नाही. चौघांचा मृत्यू पक्का आहे, म्हणून आगीची गोष्टही तशीच घडली, असंही कोणी म्हणत नाही. कथन एक, पण त्यातली विधानं वेगवेगळी तोलली जातात. प्रत्येकाबद्दल विचारलं जातं की हे कोणी सांगितलं, किती काळाने सांगितलं, आणि सांगणाऱ्याला हे कुठून कळलं. शुभवर्तमानांबद्दल मला म्हणायचं आहे ते हेच.

मी जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक. नोकरी संपेपर्यंत वसई तालुक्यात इतिहास शिकवला. वर्गातली मुलं विचारायची, ‘टीचर, येशू खरंच होऊन गेला का?’ आणि रविवारी धर्मशिक्षणाला बसलेली मुलं विचारायची, ‘बायबलमध्ये आहे म्हणजे तसंच घडलं ना?’ दोन्हीकडची मुलं मनापासून विचारत होती. एकाला नुसतं ‘हो’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘शंका घेऊ नये’ म्हणून गप्प करायचं, हे माझ्याने झालं नाही. आपल्याकडे काही वडीलधाऱ्यांना वाटतं की शुभवर्तमानं पारखायला घेतली म्हणजे श्रद्धेला नख लागलं. त्यांना मी सांगते की खुद्द चर्चने १९६४ साली पोपच्या बायबल आयोगामार्फत हे स्पष्ट केलं आहे. शुभवर्तमानं तीन टप्प्यांनी घडली: आधी येशूचं बोलणं-वागणं, मग प्रेषितांनी तोंडी केलेला प्रचार, आणि शेवटी ज्यांनी ते निवडून, जुळवून, आपापल्या मंडळीसाठी लिहिलं ते लेखक. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हेच मान्य केलं. म्हणजे पारखण्याला परवानगी आहेच. वानवा आहे ती पारखण्याच्या सवयीची.

आणि ती सवय मराठी माणसाला नवी नाही. आपण बखरी वाचलेले लोक आहोत. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, तेव्हा शिवाजी महाराजांना जाऊन दीड-दोन दशकंही पुरती झाली नव्हती. मल्हार रामराव चिटणिसाने लिहिलं ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी. दोघांचं वजन आपण सारखं धरत नाही. अफजलखानाच्या भेटीआधी भवानीने दर्शन दिलं असं सभासद लिहितो, म्हणून १६५९ चा अफजलखानवध खोटा ठरत नाही. महाराजांच्या जन्मतिथीचं तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. बखरींवरून बराच काळ १६२७ हे वर्ष धरलं जात होतं. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती. समकालीन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच निघाली. एकमेकांवर न विसंबलेले दोन जवळचे पुरावे जुळले आणि पुढे राज्य सरकारनेही ती तारीख स्वीकारली. यात कोणाच्याही महाराजांवरच्या भक्तीला धक्का लागला नाही.

आता तोच तराजू चार शुभवर्तमानांसाठी घेऊ.

येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, सुमारे इ.स. ७० चं. मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस. अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज हा असा. चारही ग्रंथ ग्रीक भाषेत आहेत; येशू बोलत होता अरमाईक. चारही मजकुरांत लेखकाने स्वतःचं नाव कुठे घातलेलं नाही, ही नावं परंपरेने जोडली. म्हणजे मार्क आणि घटना यांत चाळीस वर्षांचं अंतर. सभासदापेक्षा जास्त, चिटणिसापेक्षा पुष्कळ कमी. घटना पाहिलेली माणसं म्हातारी झाली असतील, पण सगळी गेलेली नसतील, इतकं हे अंतर आहे.

वर्गात मी एक गोष्ट नेहमी फळ्यावर लिहीत असे: तीन साक्षीदारांनी एकच जबानी दिली तर आधी बघा की ती एकमेकांची नक्कल आहे का. मत्तयाने मार्कचा सुमारे नव्वद टक्के मजकूर आपल्या ग्रंथात घेतला आहे, कित्येकदा शब्दाला शब्द. लूकनेही मार्क समोर ठेवून लिहिलं. त्यामुळे एखादी गोष्ट मार्क, मत्तय आणि लूक तिघांत आहे म्हणजे तिला तीन साक्षी आहेत, असं धरता येत नाही. पुष्कळदा ती एकच साक्ष असते. लूक तर सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगतो की आपल्या आधी अनेकांनी लिहिलं आहे, आपण प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टी चौकशी करून क्रमाने मांडत आहोत. आपण स्वतः तिथे होतो, असा दावा तो करत नाही. मला लूकचा हा परिच्छेद फार आवडतो. आपली माहिती कुठून आली हे वाचकाला सांगणं, हा इतिहास लिहिण्याचा पहिला धडा आहे.

मार्कच्याही आधीचा कागद आपल्याजवळ आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. प्रेषित पौलाची पत्रं. करिंथच्या मंडळीला त्याने पहिलं पत्र लिहिलं ते सुमारे इ.स. ५४-५५ मध्ये. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि तिथे येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हे वाक्य इतिहासाच्या दृष्टीने सोन्यासारखं आहे. पौलाला येशूचा जन्म, दाखले, चमत्कार यांची कथा सांगायचीच नाही. तो आपल्या अधिकारावरून वाद घालतो आहे आणि त्या भरात ही भेट येते. येशूच्या सख्ख्या नात्यातल्या माणसाला भेटलेला माणूस स्वतः हे पत्र लिहवतो आहे. येशू हा माणूस झालाच नाही, असं म्हणणाऱ्याला आधी या पंधरा दिवसांचा खुलासा द्यावा लागतो, आणि तो समाधानकारक दिलेला मी अजून वाचलेला नाही.

जिथे शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. नाताळला आमच्या भागात पोरं रात्र-रात्र जागून गोठे करतात. त्या गोठ्यात मेंढपाळही असतात आणि उंटावरचे तीन राजेही. पुस्तकात मात्र ते एकत्र कधीच येत नाहीत. मेंढपाळ आणि गव्हाण फक्त लूककडे. पूर्वेकडचे ज्ञानी फक्त मत्तयाकडे, आणि ते तीन होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. ते येतात ते घरात. मत्तय सांगतो की जन्म हेरोद राजाच्या काळात झाला. हेरोद मेला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. लूकही आरंभी हेरोदाचाच काळ सांगतो, पण मग योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेले ते क्विरीनियस सीरियाचा सुभेदार असतानाच्या नावनोंदणीसाठी, असं लिहितो. ती नोंदणी झाली इ.स. ६ मध्ये, यहुदी इतिहासकार जोसीफस तिची हकीकत देतो. दहा वर्षांचा फरक. शिवाय ती नोंदणी यहुदिया रोमच्या थेट अमलाखाली आला म्हणून झाली होती, आणि नासरेथ होतं गालीलात, जिथे तेव्हा हेरोदाचा मुलगा अंतिपास राज्य करत होता. गालीलातल्या सुताराला त्या नोंदणीसाठी बेथलेहेमला जायचं कारण नव्हतं. ही दहा वर्षं भरून काढण्यासाठी विद्वानांनी बरीच खटपट केली आहे. मला ती पटलेली नाही. माझं मत असं की येशू नासरेथचा होता हे सर्वांना ठाऊक होतं, आणि तारणारा दावीदाच्या गावी, म्हणजे बेथलेहेमला, जन्मणार ही अपेक्षा होती. ते दोन धागे मत्तयाने आणि लूकने आपापल्या परीने जुळवले. दोघांच्या वंशावळीही अशाच वेगळ्या. मत्तयात योसेफाचा बाप याकोब, लूकमध्ये एली.

वंशावळीचं हे वागणं आपल्याला उत्तर कोकणात परकं वाटायला नको. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ छापली. आपल्या या किनाऱ्यावरचे राजे, घराणी, गावं यांची ती कथा. एका माणसाने एका बैठकीत ती लिहिलेली नाही. त्यातला जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा. बाकीची प्रकरणं पुढच्या काळातल्या हातांची. राजवाड्यांनी प्रकरणं सुटी केली, कोणता भाग कधीचा ते तपासलं, आणि मग काय घ्यायचं काय सोडायचं ते ठरवलं. बखर टाकून दिली नाही, डोक्यावरही घेतली नाही. शुभवर्तमानांतही असे नंतरचे हात दिसतात. मार्कच्या शेवटच्या बारा वचनांचा भाग चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेल्या स्त्रीची योहानातली गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. ती गोष्ट मला जिवापाड प्रिय आहे, आणि ती योहानाच्या मूळ लेखनाचा भाग नव्हती, हे मला मान्य आहे.

चार ग्रंथ एकत्र विणण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी, म्हणून हे फरक कानांना जाणवत नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. जुना आणि नवा करार मिळून दहा हजारांवर ओव्या. त्यांना सलग पुराण सांगायचं होतं, आणि ते त्यांनी अप्रतिम सांगितलं. पण इतिहास तपासायचा तर विणलेलं पुन्हा उसवून चार धागे वेगळे पाहावे लागतात.

पवित्र आठवड्यात हे आपोआप घडतं, लक्ष असेल तर. झावळ्यांच्या रविवारी त्या-त्या वर्षाप्रमाणे मत्तय, मार्क किंवा लूक यांतून दुःखसहनाची हकीकत वाचतात. गुड फ्रायडेला मात्र दरवर्षी योहानातूनच. मी निवेदकाचा भाग वाचत आले आहे. रविवारी वाचते की शेवटचं भोजन हे यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं भोजन होतं. शुक्रवारी वाचते की येशूला रोमन सुभेदार पिलाताकडे नेलं तेव्हा याजक वाड्यात शिरले नाहीत, कारण वल्हांडणाचं भोजन त्यांना अजून जेवायचं होतं. म्हणजे पहिल्या तिघांच्या मते येशू सणाच्या दिवशी मेला, योहानाच्या मते सणाच्या आदल्या दिवशी, मंदिरात कोकरं कापली जात होती त्या वेळी. योहानाला येशू हा देवाचा कोकरा म्हणून दाखवायचा आहे, त्यामुळे त्याची तारीख त्याच्या विचाराला सोयीची आहे, हे खरं. तरी मला तीच अधिक संभवनीय वाटते. ऐन सणाच्या दिवशी धरपकड, रात्रीची चौकशी, देहदंड हे सगळं यरुशलेममध्ये उरकणं अवघड होतं.

पण शुक्रवार, पिलात आणि क्रूस यांवर चौघांचं एकमत आहे. इथून पुढे पारडं जड होत जातं. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास, ख्रिस्ती लोकांबद्दल यत्किंचितही प्रेम नसताना, लिहितो की यांचा संस्थापक तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताच्या हातून मारला गेला. जोसीफसच्या ग्रंथात येशूबद्दलचा जो परिच्छेद आहे त्यात ख्रिस्ती नकलनविसांनी भर घातली आहे, पण याकोबाच्या वधाची हकीकत देताना तो त्याची ओळख येशूचा भाऊ अशी करून देतो, ते बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला. दगडाची आणि धातूची साक्ष काय असते ते आम्हा वसईकरांना सांगायला नको. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हा आकडा आहे, मेणवलीच्या घंटेवर १७०७. तो आकडा वाचायला कोणाच्या भक्तीची गरज लागत नाही.

क्रुसाचीच एक वेगळी बाजू आहे. आज आपण क्रूस गळ्यात घालतो, गावाच्या वेशीवर उभारतो. पहिल्या शतकात तो गुलामांचा आणि बंडखोरांचा, सर्वांत लाजिरवाणा मृत्यू होता. आपल्या तारणाऱ्याची गोष्ट रचायला बसलेला कोणीही माणूस त्याला असा मृत्यू देणार नाही. तेच बाप्तिस्म्याचं. बाप्तिस्मा देणारा योहान हा शुभवर्तमानाच्या योहानाहून वेगळा; तो बाप्तिस्मा देत होता तो पापांच्या पश्चात्तापाचा. मग येशूने तो का घ्यावा? मार्क सरळ सांगतो की घेतला. मत्तयाला अडचण वाटते, म्हणून त्याच्याकडे योहान आधी नकार देतो. चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा प्रत्यक्ष सांगितलेलाच नाही. गोष्ट अडचणीची होती आणि तरी ती टाकून देता आली नाही, कारण ती लोकांना ठाऊक होती. अशा अडचणीच्या गोष्टींवर माझा सर्वांत जास्त भरवसा. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी येशूची ओळख नाकारली, ही त्यांतलीच एक. रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली, हीही तशीच. त्या काळी बाईच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतकी किंमत नव्हती.

याच्या शेजारी आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची हकीकत ठेवून पाहावी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत ते होते. नागासाकीतच राहणारे पोर्तुगीज जेझुइट लुईश फ्रोइश यांनी त्याच वर्षी त्या मृत्यूंचा सविस्तर वृत्तांत लिहिला आणि जुलैमध्ये ते स्वतः वारले. किती जवळचा पुरावा! शुभवर्तमानांच्या वाट्याला असा फ्रोइश आला नाही. पण एक साम्य पाहा. गोन्सालोंचं मरण तपशिलाने नोंदलेलं, तर वसईतलं बालपण चार ओळींत आटपतं. कारण लिहिणाऱ्यांना ते हवे होते ते हुतात्मा म्हणून. येशूचंही तसंच आहे. मार्क बालपणाचा एक शब्द लिहीत नाही, आणि शेवटच्या आठवड्याला ग्रंथाचा तिसरा हिस्सा देतो. १८६२ मध्ये गोन्सालोंना संतपद मिळालं तेही त्या मरणामुळेच.

आता दोन गोष्टी आमच्याच लोकांना सांगायच्या आहेत, थोड्या कठोरपणे. युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने चौथ्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं की पँटीनस नावाचा अलेक्झांड्रियाचा पंडित दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘भारतात’ गेला, तेव्हा प्रेषित बार्थोलोम्यूने ठेवलेलं मत्तयाचं हिब्रू लिपीतलं शुभवर्तमान त्याला तिथे मिळालं. हे ठिकाण आपलं कल्याणच, असं कोकणातले ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतात. सोपारा तेव्हा भरभराटीचं बंदर होतं, अशोकाचा शिलालेख तिथे भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये मिळाला, ग्रीक व्यापारी इथे येत होते, म्हणून ते अशक्य नाही. पण सांगणारा शंभरहून अधिक वर्षांनंतरचा, आणि त्या काळचे ग्रीक लेखक अरबस्तान किंवा इथिओपियालाही भारत म्हणत. धर्मशिक्षणाच्या वहीत ते घडलेलं सत्य म्हणून उतरवू नये. इ.स. ५५० च्या सुमारास कॉस्मस हा व्यापारी कल्याणला इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते खुशाल उतरवावं.

दुसरी गोष्ट येशू काश्मीरला किंवा लडाखला येऊन गेल्याची. अनेक सुशिक्षित लोक ती मला ऐकवतात. तिचा उगम निकोलाय नोटोविच या रशियन गृहस्थाच्या १८९४ च्या पुस्तकात आहे. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस लडाखमधल्या हेमिसच्या मठात जाऊन आले. तिथल्या मुख्य लामांनी नोटोविच सांगतो तसा ग्रंथ नसल्याचं आणि असा पाहुणा आला नसल्याचं सांगितलं. येशू मुळात तमिळ हिंदू होता असं मांडणारं बाबाराव सावरकरांचं पुस्तक १९४६ मध्ये निघालं. त्यालाही पहिल्या शतकातला एकही आधार नाही. मार्कच्या चाळीस वर्षांवर आक्षेप घेणाऱ्याने अठराशे-एकोणीसशे वर्षांनंतरचं पुस्तक पुरावा म्हणून पुढे करू नये.

राहिला पुनरुत्थानाचा प्रश्न, आणि तो मला टाळायचा नाही. मेलेला माणूस उठला का, हे ठरवायची साधनं इतिहासाकडे नाहीत. इतिहास एवढंच पक्कं सांगू शकतो की क्रुसानंतर अगदी थोड्या काळात, यरुशलेममध्येच, पेत्र, याकोब आणि इतरांची खात्री झाली होती की त्यांनी येशूला पाहिलं. पौल करिंथकरांना ज्यांना दर्शन झालं त्यांची यादी देतो आणि ती आपल्याला आधीच्या लोकांकडून मिळाली असं म्हणतो. म्हणजे ती शुभवर्तमानांहून कितीतरी जुनी. घाबरून पांगलेली माणसं परत आली, त्याच शहरात उभी राहून बोलू लागली, आणि त्यांतल्या काहींनी त्यापायी जीव दिला. इथपर्यंत मी शिक्षिका म्हणून येते. यापुढे मी श्रद्धेने जाते, आणि तिथे कागद दाखवायची सक्ती मी स्वतःवर करत नाही आणि दुसऱ्यावरही श्रद्धेची करत नाही.

मँचेस्टरच्या ग्रंथालयात पपायरसचा एक तळहाताएवढा तुकडा आहे, बहुधा दुसऱ्या शतकातला. नव्या कराराचा सर्वांत जुना समजला जाणारा हा कागद. त्यावर योहानातली, पिलातासमोरच्या चौकशीची काही वचनं उरली आहेत. तिथपासून मिशनरी कॅरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलेल्या मराठी मत्तयापर्यंत, केडगावला मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपर्यंत, आणि आपल्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंत हा मजकूर माणसांच्या हातांनी आला आहे. ते हात ओळखले म्हणून मजकूर छोटा होत नाही.

तरुणांना माझं सांगणं आहे. येत्या उपवासकाळात मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. दोन तासही लागत नाहीत. मग लूक, मग मत्तय, मग योहान, आणि फरक वहीत लिहा. आणि दुसरं काम गावातलं. उमेळ्यात, नायगावात, माणिकपुरात, पापडीत रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरं पडत आहेत. क्रुसांवर कोरलेली वर्षं, थडग्यांवरचे लेख, घरातले जुने दाखले यांचे फोटो काढून ठेवा. मिठागरांची, शेतीची, लग्नाच्या गाण्यांची, जुन्या साथींची आठवण सांगणारी माणसं अजून ओटीवर बसलेली आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्या, चाळीस वर्षं थांबू नका. आणि लिहाल त्या पानाच्या वर सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव आणि त्या दिवसाची तारीख घाला.